एका नावावर पंधरा जणी

साफी, ९ जानेवारी २०२२

सी बूशाईब, माझ्या थोरल्या चुलत भावाला महजूबाचा सलाम.

तू खुशाल असशील, तुझा टाइपरायटर खुशाल असेल, आणि एस्साविराच्या नगरपालिकेच्या कमानीखालची तुझी खुर्ची अजून मोडली नसेल, असं धरून चालते. इकडे मासे सुट्टीवर गेलेत. तारल्यांना अंडी घालायला सरकारने दोन महिने मोकळीक दिली आहे, बोटी धक्क्याला बांधून ठेवल्यात आणि कारखान्याचा भोंगा गप्प आहे. गेली सव्वीस वर्षं या दिवसांत मी गालिचे धुतले, भिंतींना चुना लावला आणि शेजारणींशी भांडून घेतलं. यंदा त्यातलं काही जमायचं नाही.

सोमवारी आमच्या मोठ्या साहेबांनी, सी लहबीबनी, आम्हाला बोलावून घेतलं. नवी यंत्रं येताहेत. पट्ट्यावरून मासा जाईल, वरून कॅमेरा त्याच्याकडे बघेल आणि समोरच्या पडद्यावर लहान किती, मोठा किती, फुटलेला कुठला ते उमटेल. तो पडदा वाचायचा, पट्टा हळू-जोरात करायचा, डब्यांचे नंबर भरायचे, एवढं काम बाईला. मासे निवडून डब्यांत रचायची आमची जुनी टेबलं जाणार. जी शिकेल ती राहील. जी शिकणार नाही तिचं नाव मार्चअखेरच्या यादीत नसेल. साहेब हे अगदी गोड आवाजात बोलले, म्हणून जास्त भीती वाटली.

पाच आठवड्यांचं शिक्षण आहे आणि पहिली तुकडी आमच्या टेबलाची, म्हणजे आम्ही पंधरा जणी. शिकवायला सेत्तातची एक पोरगी आलीय, इब्तिसाम नावाची. मी कारखान्यात लागले त्या वर्षी ती जन्मली. तिने प्रत्येकीच्या हातात एक टॅब्लेट दिला, तर आमच्या टेबलावरच्या तामूने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, जणू कुणाचं तान्हं पोर सांभाळायला दिलंय.

बूशाईब, हसू नकोस. नवरा गेल्यापासून या टेबलाने मला उभं ठेवलंय. एकोणपन्नासाव्या वर्षी मला दुसरं कोण काम देणार? चाळिशीत मशिदीच्या वर्गात अक्षरं गिरवली तेव्हा तू म्हणाला होतास, फोनवर बोलत बसलीस तर अक्षरं विसरशील, दर पंधरवड्याला मला पत्र लिही. म्हणून लिहिते. फोन आपण लग्नाला आणि मयताला ठेवलाय. आता त्या अक्षरांच्या जोरावर हेही जमेल का, ते तू सांग.

तुझी महजूबा


एस्साविरा, १७ जानेवारी

माझ्या काकांची सुकन्या महजूबा हिला, खाली सही करणाराचे अनेक सलाम आणि शुभेच्छा.

तुझे पत्र पोहोचले. वाचून किंचित हसलो, कारण तू मनाई केली होतीस. यंत्राबद्दल तू योग्य माणसाला विचारलेस. मी चौतीस वर्षे बटणांवर बोटे चालवीत आहे आणि बटण हे शेवटी बटणच असते. त्याला तुझी भीती कळू देऊ नये, इतकेच. पाठ ताठ ठेवावी, मनगट मोकळे ठेवावे आणि बिस्मिल्ला म्हणून सुरुवात करावी.

मी स्वतः यापेक्षा सविस्तर लिहिले असते, परंतु मान वर करायला सवड नाही. काल एका दिवसात अकरा अर्ज टंकले: दोन जमिनीचे, एक तलाकाचा, बाकी जन्मदाखल्यांचे. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका मुलीने संगणक मांडला आहे. लोक हौसेने जातात. नव्याची नवलाई नऊ दिवस. अर्जात दुःख कसे मांडावे, कुठे थांबावे, हे त्या डब्याला काय ठाऊक? दाखला मागणे निराळे आणि अर्ज करणे निराळे.

तू काळजी करू नकोस. जी बाई चाळिशीत ‘अलिफ’पासून सुरुवात करते, तिला कॅमेऱ्याने बघितलेला मासा जड जाणार नाही.

तुझा, बूशाईब


साफी, ३० जानेवारी

सी बूशाईबला सलाम.

पाठ ताठ ठेवली. मनगट मोकळं ठेवलं. बिस्मिल्लाही म्हटलं. आणि पडदा ढिम्म! अरे, या पडद्याला बटणच नाही, नुसतं बोट टेकवायचं असतं. तुझं चौतीस वर्षांचं ज्ञान तिथेच आटोपलं.

पहिली फजिती तामूची. ती बोट टेकवते, दाबते, घासते, पण पडद्याला काही कळेचना. म्हणाली, “अगं, मी मेले की काय? हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही!” आमची हसून मुरकुंडी वळली. मग माझं बोट लावलं, तर तेच. मीठ आणि खारट पाण्याने आमची कातडी अशी राठ झालीय की काचेला ती कातडी वाटतच नाही. दहा जणींची ही गत. रकियाचं बोट तेवढं धडाधड चालतं. ती तिशीची, चार वर्षांपूर्वी लागलेली, तोंडाने तिखट आणि हाताने वीज. तामू तिला म्हणाली, “थांब बाई, अजून वीस वर्षं मासे रच, मग तुझंही बोट मरेल.” रकिया म्हणाली, “तोवर मी तुमच्या सगळ्यांच्या वाटचं दाबून घेते.”

आणि तसंच चाललंय बघ. आम्ही टेबलाचीच रीत इथे आणली. तुला ठाऊक आहे, पेटी भरली की तिच्यावर टेबलाच्या थोरलीचा बिल्ला लागतो, मासे कुणी का रचलेले असेनात. थोरली मी. तर माझं नाव घालून माझा टॅब्लेट उघडायचा, चहाच्या तबकासारखा मधोमध ठेवायचा आणि चौदा जणींनी भोवती बसायचं. प्रश्न मी मोठ्याने वाचते, कारण भराभर वाचता येणारी मीच. जिला उत्तर येतं ती ओरडते. एकमत झालं नाही तर भांडतो. मग रकिया बोट टेकवते. हिरवी खूण आली की तामू जीभ हलवून लग्नातल्यासारखी झगारूत घालते, पहारेकरी दोनदा बघायला आला की कुणाचं लग्न आहे.

इब्तिसामला तीन कारखाने सांभाळायचे असतात. ती येते, आम्हाला घोळक्यात बघते आणि म्हणते, “वा, किती मन लावून चाललंय!” वीसपैकी तेरा धडे झाले. बाकीचे चौदा टॅब्लेट कपाटात चार्जिंगला लावून ठेवलेत, खराब व्हायला नकोत म्हणून.

भीती कमी झालीय. खरंच सांगते, टेबलावर मासे रचताना इतकं कधी हसलो नव्हतो.

महजूबा


साफी, १० फेब्रुवारी

बूशाईब,

घाईत लिहितेय. निकाल लागला. मला शंभरपैकी सत्त्याण्णव! पहिला नंबर. सी लहबीब सर्वांसमोर म्हणाले की नव्या पट्ट्याची प्रमुख मी. बाकीच्या बायकांचं अजून कळायचं आहे.

म.


एस्साविरा, १४ फेब्रुवारी

आमच्या घराण्याचे नाव उज्ज्वल करणाऱ्या महजूबाला!

आज मी औपचारिक लिहिणार नाही. सत्त्याण्णव! मी कमानीखाली उभा राहून ओरडलो. चहावाल्याने विचारले, कुणी मेले की काय? मी म्हटले, “मूर्खा, माझी बहीण संगणक शिकली, कारखान्यात पहिली आली!” बदामाच्या चंद्रकोरी आणून सगळ्यांना वाटल्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या मुलीलाही एक नेऊन दिली आणि सांगितले की आमच्या घरातही ही विद्या आहे. तिने ‘मबरूक’ म्हणून अभिनंदन केले. पोरगी वाईट नाही.

काका असते तर त्यांना काय वाटले असते, या विचाराने डोळे भरून आले. जी मुलगी शाळेत न जाता मोजे विणून द्यायची, तिचा आज पहिला नंबर. पण हे काय, चार ओळींचे पत्र? सत्त्याण्णव गुणांना निदान सत्त्याण्णव ओळी तरी लिही. नव्या पट्ट्यावर प्रमुख म्हणजे नेमके काय करायचे, बाकीच्या जणींनी काय म्हटले, तामूने किती वेळा झगारूत घातली, सगळे कळव.

तुझा अभिमानी, बूशाईब


एस्साविरा, २ मार्च

महजूबा,

सोळा दिवस झाले. पोस्टमनला मी रोज विचारतो आणि तो आता मला दुरून बघूनच मान हलवतो. तुझी तब्येत ठीक असल्याचे मला तुमच्या गल्लीतून आलेल्या बसवाल्याकडून समजले, म्हणजे आजारपण नाही. मग एकच अर्थ उरतो. प्रमुख झाल्यावर कमानीखाली बसणाऱ्या भावाला पत्र लिहिणे कमीपणाचे वाटत असावे. तसे असेल तर स्पष्ट सांग. मी मोठ्या लोकांना पत्रे लिहीत आलो आहे, मला त्यांची रीत ठाऊक आहे.

बूशाईब


साफी, ५ मार्च

बूशाईब,

रागाने लिहिलेलं तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं. शिव्या खाव्याशा वाटत होत्या आणि इथे मला कुणी शिव्या देत नव्हतं.

मी तुला खोटं लिहिलं. ‘बाकीच्या बायकांचं अजून कळायचं आहे’ म्हणाले ना, तर ते त्याच कागदावर माझ्या नावाखाली छापलेलं होतं. चौदा नावं आणि प्रत्येकीसमोर एकच शब्द: गैरहजर. पाच आठवडे रोज सकाळी आठला येऊन बसलेल्या बायका गैरहजर! कारण त्यांच्या नावाने टॅब्लेट कधी उघडलेच नाहीत. आम्हाला वाटलं, टेबलाचं काम टेबलाच्या नावावर जाईल. पेटीचं तसंच होतं की. या यंत्राला टेबल म्हणजे काय ते ठाऊकच नाही. त्याला एकटी महजूबा दिसली, आणि तिने सगळे धडे केले असं त्याने लिहून ठेवलं.

पहिल्या दिवशी इब्तिसाम म्हणाली होती, “प्रत्येकीने आपापल्या नावाने,” आणि आम्ही पंधरा जणींनी माना डोलावल्या होत्या. बाईमाणूस पाहुण्याला नाही म्हणत नाही.

निकालाच्या वेळी इब्तिसाम दुसऱ्या कारखान्यात होती. सी लहबीबनी माझा हात हातात घेतला आणि मी तोंड उघडायच्या आत प्रमुख झाले. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बूशाईब, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं नाव मोठ्याने वाचत होतं आणि ते शिव्या घालायला नव्हतं. मी मूग गिळून गप्प बसले. घरी आले आणि तुला ते चार ओळींचं पत्र टाकलं.

नंतर प्रत्येक दिवशी बोलणं जास्त अवघड होत गेलं. महिनाअखेर चौदा जणींना चिठ्ठ्या आल्या, की नव्या यादीत तुमचं नाव नाही. रकिया फाटकाशी मला म्हणाली, “टेबल तुझं, नाव तुझं. बोल नाहीतर बोलू नकोस. पण यापुढे मला सलाम करू नकोस.” तिचं मी सोसलं. तामूचं नाही सोसवलं. ती रव्याची गरम हरशा भाकरी फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आली आणि म्हणाली, “चला, पंधरातली एक तरी राहिली. माझ्या पोरीला डबे धुवायच्या कामाला लावशील का गं?” टोमणा नव्हता रे तो. तिला खरंच माझा आनंद झाला होता. ती हरशा मला गिळवली नाही.

मला काय वाटतं ते सांगू? मला लाज वाटते. आणि बोलले तर माझंही जाईल, याची भीती वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

महजूबा


एस्साविरा, ८ मार्च

माझ्या काकाच्या लेकी,

आधी माझ्या मागच्या पत्राबद्दल माफी. आता नीट ऐक. गप्प राहा.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कुणाचे काही चोरले नाहीस. मी चौतीस वर्षे लोकांच्या नावाने लिहितो. शब्द माझे, व्याकरण माझे, अश्रूसुद्धा माझे, आणि खाली अंगठा त्यांचा. म्हणून ते पत्र खोटे ठरते का? कचेरीत ते त्यांचेच मानतात. तसेच हे. काम सर्वांचे, अंगठा तुझा. तुझ्यासारख्या बाईला या वयात दुसरी संधी कोण देणार? प्रमुख हो, आणि मग हळूहळू एकेकीला आत घे. बाहेर राहून तू कुणाच्याच कामाची नाहीस.

तरीही तुला राहवणार नाही, हे मी जाणून आहे. काकांचा हट्टीपणा तुझ्यात जसाच्या तसा उतरला आहे. म्हणून सोबत एक अर्ज टंकून पाठवतो. दोन रात्री घालवल्या आहेत. बोलायचेच असेल तर तोंडाने बोलू नकोस, हा पुढे कर. असा अर्ज वाचून एके काळी एका प्रांताधिकाऱ्याने रुमाल काढला होता.

बूशाईब


साफी, १२ मार्च

सी बूशाईबला सलाम.

अर्ज परत पाठवते आहे, रागावू नकोस. दोनदा वाचला. त्यात मी फार रडते रे. ‘निराधार विधवा, जिच्या चुलीत तीन दिवस विस्तव नाही’ असं तू लिहिलंस. माझी चूल रोज पेटते. आज डाळीचा दाट बिसारा केला होता, वर जिरं आणि तेल घालून. आणि चौदा जणी ‘अज्ञानाच्या अंधारात चाचपडणाऱ्या अबला’ कशा? रकियाला वाचून दाखवलं तर ती अबला शब्दाला इतकी हसली की तिचा सलाम मला परत मिळाला. त्याबद्दल मात्र तुझे उपकार.

तुझं पत्र यायच्या आधीच मी बोलून बसले होते. आणि अंगठ्याचं तू म्हणतोस, ते मला पटत नाही. तू ज्याचं पत्र लिहितोस त्याला जमीन मिळते. इथे चौदा जणींनी लिहिलं आणि जमीन मला मिळाली.

गुरुवारी इब्तिसाम आली होती. तिला आणि सी लहबीबना एकत्र गाठलं आणि पहिल्या धड्यापासून सगळं सांगितलं. टॅब्लेट मधोमध कसा ठेवायचो, कोण ओरडायचं, कोण दाबायचं. पोरीचा चेहरा उतरला, तिची ही पहिलीच तुकडी. साहेबांचा आवाज पुन्हा गोड झाला. म्हणाले, “लल्ला महजूबा, याला फसवणूक म्हणतात. पंधराच्या पंधरा नावं मी आत्ता काढू शकतो.”

मी म्हटलं, “काढा. पण गैरहजर लिहू नका. आम्ही रोज हजर होतो.”

तेवढ्यात इब्तिसाम उठली. म्हणाली, “चूक माझी आहे. मी त्यांना एका टॅब्लेटभोवती बसलेलं पाहिलं होतं. मला ते बघायला इतकं छान वाटलं की मी विचारलंच नाही. मला एक दिवस द्या. प्रत्येकीची वेगळी परीक्षा घेते, यंत्रासमोर, एकटीची.”

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. शेवटी सतरा तारीख दिली. साठ गुण मिळाले तर जागा, नाही तर नाही. माझे सत्त्याण्णव रद्द. प्रमुखपदही गेलं. पट्ट्याची प्रमुख आता गुणांवर ठरेल.

बाकीच्या बायकांना भीती नाही, त्यांना आनंदच झालाय. भीती मला आहे. बूशाईब, मी पाच आठवडे फक्त वाचलं. एकदाही बोट टेकवलं नाही. रकियाला प्रश्न ऐकू आला की हात आपोआप जातो. तामूला उत्तर माहीत असतं. मला वाचण्यापुढचं काहीच येत नाही, आणि थोरली म्हणून सगळ्या माझ्याकडे बघतात. पाच दिवस उरलेत. मी नापास झाले तर माझ्याच तोंडाने माझं नाव खोडल्यासारखं होईल.

तरी बोलले याचं मला वाईट वाटत नाही. रात्री झोप लागते.

महजूबा


एस्साविरा, १५ मार्च

महजूबा,

अर्ज मिळाला. चौतीस वर्षांत परत आलेला हा माझा पहिला अर्ज. दिवसभर तो समोर ठेवून बसलो होतो आणि मध्ये मला कुणी त्रास दिला नाही. कारण मला त्रास द्यायला आता कुणी येत नाही.

तू खरे सांगितलेस, तर मीही सांगतो. जानेवारीत अकरा अर्ज लिहिल्याचे कळवले होते. त्या आठवड्यात दोन होते आणि त्यातला एक माझ्या घरमालकाचा, फुकट. गेल्या पावसाळी दिवसांपासून दाखले संगणकावर मागायचे झाले आणि रांग समोरच्या दुकानात गेली. ज्यांना वाचता येत नाही तेसुद्धा तिकडेच जातात, कारण ती पोरगी त्यांना शेजारी बसवून घेते आणि हसून विचारते. मी कधी कुणाला हसून विचारले नाही. मी सकाळी येतो, टाइपरायटर पुसतो, तोच कागद पुन्हा रुळात घालतो आणि चारला घरी जातो. घरी बसलो तर शेजारी विचारतील, म्हणून येतो. तुला बटणांचे धडे देणारा हाच माणूस. नाचता येईना अंगण वाकडे.

दोन महिन्यांपूर्वी नगरपालिकेच्या कारकुनाने मला सांगितले होते की आमच्यासारख्या अर्ज लिहिणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे, तीन महिने, आणि नंतर कचेरीतच टेबल मिळते. मी त्याला म्हटले, “माझ्या मुलाच्या वयाच्या माणसाकडून मी शिकू?” काल तुझे पत्र वाचून त्या वर्गाच्या दारापर्यंत गेलो. आत आठ-दहा माणसे होती. कवाडाला हात लावला आणि परत आलो.

या वेळी माझ्याकडे तुला द्यायला सल्ला नाही. फक्त विचारतो: पहिल्या दिवशी काय करायचे असते? आणि परवा तुझी परीक्षा आहे तेव्हा मी कमानीखाली बसून तुझ्यासाठी दुआ करीन. तू पास झालीस काय, नापास झालीस काय, पत्र लगेच टाक. सत्त्याण्णवची मिठाई वाटली होती त्या चहावाल्याला मी आजच खरे सांगून टाकले. तो म्हणाला, “मग परवा पुन्हा विचारतो.”

तुझा, बूशाईब


साफी, १९ मार्च

माझ्या थोरल्या भावाला सलाम.

आधी तुझं. पहिल्या दिवशी काहीही करायचं नसतं. जाऊन बसायचं, आणि ‘मला येत नाही’ एवढं एक वाक्य बोलायचं. ते वाक्य तुला जड जाईल, म्हणून आजपासून सराव कर. टाइपरायटरवर टंकून बघ हवं तर. तो वर्ग सोडायचा नाही. मला चाळिशीत अलिफ काढायला लावणारा माणूस कवाडावरून परत येतो म्हणजे काय? दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान! आणि ती समोरची पोरगी वाईट नाही, असं तूच लिहिलं होतंस. तिला विचार. हसून विचार.

आता परीक्षेचं सांगते. पाच दिवस कारखाना आम्हाला उघडा होता. कपाटातले पंधराही टॅब्लेट बाहेर काढले. इब्तिसामने काचेवर चालणारी जाड टोकाची पेनं आणली आणि ओल्या फडक्यांचा गठ्ठा. बोट फडक्याला पुसलं की पडदा ओळखतो. एवढंच होतं रे! तामूने बोट टेकवलं, हिरवी खूण आली आणि ती रडायलाच लागली. “मी आहे गं, मी आहे,” म्हणत होती. रकिया मला शिकवायला बसली. मी अडले की तिचा हात पुढे यायचा, आणि इब्तिसाम ओरडायची, “रकिया, हात मागे!” शेवटी रकियाने स्वतःचे हात ओढणीने पाठीमागे बांधून घेतले आणि तोंडाने मला शिव्या दिल्या. मासे रचण्याचं सगळं कसब तिला मी शिकवलं होतं. तेव्हा मी तिला जेवढं बोलले होते, ते सगळं तिने पाच दिवसांत फेडून घेतलं.

गुरुवारी एकेकीला आत सोडत होते. बाहेर चौदा जणी, आत एक. आम्हाला असं उभं राहायची सवयच नाही. तामू आत गेली तेव्हा बाहेरून सगळ्या उत्तरं ओरडायला लागल्या, पहारेकऱ्याने दार लावून घेतलं.

माझी पाळी अकरावी होती. पट्टा सुरू झाला. मासे खरे नव्हते, चित्रातले होते, पण धावत होते खऱ्यासारखे. पहिले तीन प्रश्न माझे चुकले. मी वाचत होते आणि कुणी ओरडण्याची वाट बघत होते. मागे वळूनही बघितलं. कुणीच नव्हतं. घाम आला. वाटलं, उठून जावं आणि सांगावं, नाही जमत. मग पडद्यावर एक फुटका मासा सरकत आला, पोटाशी फाटलेला. असा मासा मला डोळे मिटूनसुद्धा कळतो. म्हटलं, याला तर मी ओळखते. बोट पुसलं, टेकवलं. हिरवी खूण. मग पुढचा. नंबर भरताना एकदा अडले, पट्टा थांबवायचा तर जोरात केला. पण उठले नाही.

निकाल संध्याकाळी फाटकावर लावला. रकियाला ब्याण्णव. पट्ट्याची प्रमुख तीच, आणि आताच ती मला ‘वेळेवर येत जा’ म्हणून सांगायला लागलीय. तामूला एकाहत्तर. तेरा जणी पास. दोघी राहिल्या, त्यांना रमजाननंतर पुन्हा बसायला मिळणार आहे. त्यासाठी साहेबांशी भांडायला आम्ही तेरा जणी एकत्र गेलो होतो. माझं नाव मी वरून शोधत गेले. वर नव्हतं, मध्येही नव्हतं. पासांच्या यादीत सगळ्यांत खाली होतं.

साठ लागत होते, मला एकसष्ट पडले. चहावाल्याला आकडा नीट सांग, वाढवून सांगू नकोस. बूशाईब, हे सगळे एकसष्ट माझे आहेत.

तुझी महजूबा